परदेशातून नवी गाडी आणली तर स्वस्त पडते का? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

केळीचा भाव चांगला लागला, डाळमिलचा सीझन बरा गेला, की जळगाव-भुसावळकडच्या घरांत गाडीचा विषय निघतो. त्याच सुमारास अमेरिकेतला पुतण्या किंवा दुबईतला शालक व्हॉट्सॲपवर तिकडच्या गाडीची किंमत पाठवतो. मग फोन सुरू होतात. गाडीची कागदपत्रं, कर आणि पासिंगचं काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते इथे एकत्र केले आहेत. करांचे दर फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प आणि २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा नवा जीएसटी धरून दिले आहेत. पैसे गुंतवण्याआधी त्या दिवशीचा दर मात्र पाहून घ्या.

एका शब्दात सांगा, स्वस्त पडते का?

नाही.

असं कसं? तिकडे तीच गाडी निम्म्या किमतीत दिसते.

दिसते, आणि ती किंमत बहुतेक वेळा खरीही असते. पण ती तिकडच्या गिऱ्हाइकाची किंमत असते. आपल्याकडे तिच्यावर कर चढतो आणि कराची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी राहते. घोळ होतो तो इथेच. लोक मूळ किमतीवर ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के जीएसटी अशी दोन्हींची बेरीज करतात. प्रत्यक्षात दुसरा कर पहिल्या करासकटच्या रकमेवर बसतो.

उदाहरण घेऊ. जहाजभाडं आणि विमा धरून गाडी न्हावा शेवा बंदरापर्यंत २५ लाखांना पडली. या रकमेला सीआयएफ किंमत म्हणतात. त्यावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क म्हणजे साडेसतरा लाख. झाले साडेबेचाळीस. आता या साडेबेचाळीसवर ४० टक्के जीएसटी, म्हणजे १७ लाख. झाले साडेएकोणसाठ.

गाडी अजून बंदरातच आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के. तो ११ लाख ९० हजार. एकूण ७१ लाख ४० हजार. यानंतर बंदरातलं भाडं, कस्टम एजंटची फी, न्हावा शेव्याहून जळगावपर्यंत ट्रेलरवर चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आणि विमा. २५ लाखांची गाडी दारात उभी राहीपर्यंत तिप्पट होते, ती अशी.

आणि ही त्यातल्या त्यात हलकी बाजू. सीआयएफ किंमत ४० हजार डॉलरच्या वर, म्हणजे साधारण ३५ लाखांच्या पुढे गेली, की सीमाशुल्काचा एकूण भार ११० टक्के होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर 'आयात शुल्क ११० वरून ७० वर आलं' अशी बातमी फिरली होती. मूळ शुल्क ७० केलं हे खरं, पण सोबत ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. बेरीज जिथल्या तिथे. ५० लाखांची गाडी सीमाशुल्कानंतर १ कोटी ५ लाख आणि जीएसटीनंतर १ कोटी ४७ लाख. रोड टॅक्स अजून बाकी.

मी एकटा आणतोय म्हणून महाग पडत असेल. मोठ्या कंपनीला सवलत मिळत असेल ना?

टेस्लाकडे पाहा. १५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीला त्यांचं शोरूम उघडलं. मॉडेल वायची सुरुवातीची किंमत ५९ लाख ८९ हजार ठेवली. तेव्हा अमेरिकेत हे मॉडेल ४४,९९० डॉलरपासून होतं, म्हणजे त्या वेळच्या दराने ३८-३९ लाख. चीनमध्ये त्याहूनही कमी, २ लाख ६३ हजार ५०० युआन. भारतात येणारी गाडी चीनमधल्या शांघायच्या कारखान्यातलीच. इलेक्ट्रिक असल्यामुळे तिला जीएसटी फक्त ५ टक्के. तरीही किंमत चीनच्या जवळपास दुप्पट. शेकड्याने गाड्या मागवणाऱ्या, स्वतःच्याच कारखान्यातून उचलणाऱ्या कंपनीला जे जमलं नाही, ते तुमच्या-आमच्या एका गाडीला जमणार नाही.

"भाऊ, दुबईमा गाडी निम्मा भावमा मियस, खरं शे का?"

खरं शे. पण दुबईतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. सौदी, कतार, कुवेत, ओमान सगळीकडे तेच. अमेरिका आणि बहुतेक युरोपातही. आपल्या आयात धोरणात गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा, अशा अटी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्यामुळे दुबईचा आणि न्यूजर्सीचा विषय किमतीपर्यंत जाण्याआधीच संपतो.

"तिथून आणून इथे स्टिअरिंग बदलून घेऊ" असंही काही जण विचारतात. अट आयातीच्या वेळची आहे. बंदरातच अडकलेल्या गाडीचं स्टिअरिंग कोणतं गॅरेज बदलणार?

मग जपान, इंग्लंड, थायलंड? तिकडे उजवं स्टिअरिंगच आहे.

स्टिअरिंगची अट सुटते, बाकीच्या राहतात.

पहिली अट 'नवी' गाडी कशाला म्हणायचं याची. ती आधी विकलेली, भाड्याने दिलेली किंवा कुठल्याही देशात नोंदवलेली नसावी. म्हणजे नातेवाइकाने तिकडे आपल्या नावावर घेतली, नंबर लावला आणि दुसऱ्या दिवशी जहाजात चढवली, तरी इथल्या कायद्याने ती जुनी झाली. किलोमीटर दहाच का असेनात. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते आणि नुकसान इथेच मोठं होतं, कारण जुन्या गाडीचं शुल्क वेगळं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरी अट, गाडी जिथे बनली त्याच देशातून आली पाहिजे. थायलंडमध्ये बनलेली गाडी सिंगापूरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात मिळते म्हणून तिथून मागवता येत नाही.

तिसरी अट सगळ्यांत जड. गाडी भारतीय नियमांत बसते याचं प्रमाणपत्र, म्हणजे होमोलोगेशन. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाखाली ठरलेल्या संस्थाच ते देतात. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई, हरियाणात मानेसरला आयकॅट. आपल्याला सगळ्यांत सोयीचं म्हणाल तर धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ वर गेलं की इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. तिथली सव्वाअकरा किलोमीटरची वेगचाचणीची धावपट्टी बघायला गंमत म्हणून जरूर जा. पण धूर, ब्रेक, दिवे, पट्टे, काचा अशा एकेका गोष्टीची चाचणी कंपन्या हजारो गाड्या विकण्याच्या हिशेबाने करून घेतात. एका गाडीसाठी तो खर्च करायचा म्हणजे हिशेबच बुडाला.

४० हजार डॉलरच्या वरच्या आणि मोठ्या इंजिनाच्या, म्हणजे पेट्रोल ३००० सीसी किंवा डिझेल २५०० सीसीच्या पुढच्या गाड्यांना या अटींत काही सवलत आहे. खासगीत आयात झालेल्या म्हणून ज्या दिसतात त्या बहुतेक कोट्यवधींच्या असतात, त्याचं कारण हेच. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाचा तो रस्ता नाही.

मग शोरूममध्ये थेट आयात झालेल्या गाड्या दिसतात, त्या कशा येतात?

२०१८ मध्ये केंद्राने नियम सैल केला. कंपनी किंवा तिचा अधिकृत प्रतिनिधी वर्षाला २५०० पर्यंत गाड्या इथलं होमोलोगेशन न करता आणू शकतो. गाडी युरोप किंवा जपानच्या मानकांत बसणारी आणि उजव्या स्टिअरिंगची हवी. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये अशीच आली, ५३ लाखांना. ही सोय कंपनीसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही, आणि कर तिलाही पूर्ण लागतो.

जुनी गाडी आणली तर?

तीन वर्षांहून जुनी चालत नाही, उजव्या स्टिअरिंगची अट तीच, आणि सीमाशुल्काचा एकूण भार १३७.५ टक्के. त्यावर पुन्हा जीएसटी. सरकारला जुन्या गाड्या देशात नकोच आहेत आणि दर त्याच हेतूने ठेवला आहे.

मुलगा कायमचा परत येतोय. सामानासोबत त्याची गाडी आणता येईल का?

घरसामानावर जी सूट मिळते तिच्यात गाडी बसत नाही. प्रवाशाच्या सामानासाठी जी वेगळी जकात-नोंद आहे, तिच्यातून मोटारगाड्या स्पष्टपणे वगळल्या आहेत. फ्रिज, सोफा, टीव्ही आणा. गाडी तिकडेच विका, ते पैसे घेऊन या आणि इथली घ्या. मुलगा रागावेल, कारण त्याचा त्या गाडीवर जीव असतो. पण वर दिलेला हिशेब त्याला एकदा कागदावर मांडून दाखवला की तोच पुन्हा विषय काढणार नाही.

थोड्या दिवसांसाठी आणून चालवता येते म्हणतात.

येते. त्याला कार्ने म्हणतात. ऑटोमोबाइल संघटना हमी घेऊन तो पासपोर्टसारखा दस्तऐवज देते आणि गाडी ठरलेल्या मुदतीत, साधारण सहा महिन्यांत, देशाबाहेर न्यावी लागते. लंडनहून रस्त्याने भारतात येणारे प्रवासी हाच वापरतात. गाडी परत गेली नाही तर पूर्ण शुल्क भरावं लागतं. 'कार्नेवर आणून मग विसरून जाऊ' असा सल्ला देणाऱ्याचा नंबर डिलीट करा.

बिल कमी रकमेचं करून घेतलं तर शुल्क कमी लागेल ना?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर मोठ्याने देतो. कस्टम्सकडे गाड्यांच्या किमती असतात. मॉडेल, वर्ष आणि उपकरणांसकट. बिलावरची किंमत पटली नाही तर ते ती नाकारून स्वतः किंमत ठरवतात. जहाजभाड्याचा आकडा मिळत नसेल तर गाडीच्या किमतीच्या २० टक्के आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के धरून पुढे जातात. रुपयाचा दरही बँकेचा नसतो. सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर लागतो.

आणि एकदा सुटली म्हणजे सुटली असंही नाही. मुद्दाम लपवाछपवी केल्याचं दिसलं तर मागच्या पाच वर्षांपर्यंतचं शुल्क मागता येतं, व्याजासकट. शिवाय बुडवलेल्या शुल्काएवढा दंड आणि गाडी जप्त होण्याची टांगती तलवार. ती गाडी तोवर तिसऱ्याच माणसाला विकली असली तरी अधिकारी तिच्यापर्यंत पोचतात. सगळ्यांत वाईट हाल त्या तिसऱ्या माणसाचे होतात.

तो तिसरा माणूस आपण होऊ नये म्हणून काय बघायचं?

मुंबई, दिल्ली किंवा केरळहून 'फॉरेनची गाडी, अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात आली की सावध व्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' या नावाने छापे घातले. भूतानमार्गे शुल्क चुकवून आणलेल्या, खोट्या कागदांवर भारतात नोंदवलेल्या महागड्या गाड्यांचं ते प्रकरण. त्याआधी २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, 'ऑपरेशन माँटे कार्लो' केलं होतं. तेव्हा परदेशी वकिलातींतल्या अधिकाऱ्यांच्या नावाने शुल्कमाफीत आलेल्या गाड्या खासगी लोकांना विकल्या जात होत्या. दोन्ही वेळा शेवटच्या गिऱ्हाइकाकडे आरसी बुक होतं. आरटीओची नोंद असणं आणि शुल्क भरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आयात गाडी सेकंडहँड घेताना आरसीच्या आधी बिल ऑफ एंट्री मागा. तो कस्टम्सचा कागद असतो. त्यावर चॅसी नंबर, किंमत, शुल्क आणि बंदर सगळं असतं. चॅसी नंबर गाडीवर स्वतः वाकून वाचा, फोटोवर विश्वास नको. पहिली नोंदणी ईशान्येकडच्या किंवा हिमालयातल्या एखाद्या राज्यात, मग दोन राज्यं फिरून एनओसी, असा प्रवास दिसला तर त्याचं कारण विचारा. कारण समाधानकारक नसेल तर चहा घ्या आणि निघा.

सुटे भाग आणून इथे जोडले तर कर कमी लागतो, हे खरं का?

खरं, पण ते कारखान्याचं काम आहे. इंजिन, गिअरबॉक्स वगैरे वेगवेगळे आलेल्या किटला सीमाशुल्क १५ टक्के आहे. जोडलेल्या गाडीचं ७० किंवा ११० लक्षात घेता हा फरक केवढा, ते बघा. म्हणूनच मर्सिडीज चाकणला गाड्या जोडते, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी आणि स्कोडा आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात. २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात सुरू झाली. ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच. आणि किंमत साधारण पाचव्या हिश्श्याने उतरली. परदेशी गाडी घेताना पैसा वाचवायचा तर ही बचत कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. 'इथे जोडलेली आहे की पूर्ण आयात?' एवढा एक प्रश्न शोरूममध्ये विचारा. दोन सारख्या दिसणाऱ्या मॉडेलांच्या किमतीत वीस लाखांचं अंतर का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ब्रिटनशी करार झाला. आता तिकडच्या गाड्या स्वस्त होतील का?

भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं आहे, पण कोट्याच्या आत. म्हणजे ठरलेल्या संख्येपुरतं. हा कोटा प्रामुख्याने कंपन्यांच्या उपयोगाचा, आणि त्यातला किती फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा हे त्याच ठरवतील. सध्या गाडी घ्यायची असेल तर कराराची वाट पाहत जुन्या गाडीच्या गॅरेज बिलांत पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरी एक योजना मार्च २०२४ ची. भारतात ४१५० कोटी रुपये गुंतवून कारखाना काढण्याची हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाला ८००० पर्यंत इलेक्ट्रिक गाड्या १५ टक्के शुल्काने आणता येतात. गाडीची किमान सीआयएफ किंमत ३५ हजार डॉलर. तीही कंपनीसाठीच.

हे सगळं ऐकूनही आणायचीच असेल तर क्रम काय?

आधी कस्टम एजंट गाठा, गाडी नंतर. तो मॉडेल ऐकून आणि चॅसी नंबर पाहून ती आयात करता येते की नाही ते सांगेल, तेही लेखी घ्या. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात कोड वेगळा काढावा लागत नाही. पैसे बँकेमार्फतच पाठवा. बँक पुढे बिल ऑफ एंट्री मागते, त्यामुळे हवालाचा वगैरे विचार डोक्यातून काढा. गाडी फक्त ठरावीक बंदरांतच उतरते. आपल्याला न्हावा शेवा किंवा मुंबई. सुरतला कुणी ओळखीचं असलं तरी तिथे उतरवता येत नाही. शुल्क भरून सुटका झाली की विमा, मग जळगावला एमएच-१९, धुळ्याला एमएच-१८ किंवा नंदुरबारला एमएच-३९ चं पासिंग. आरटीओत असं प्रकरण क्वचितच येतं, तेव्हा फाइल पुन्हा पुन्हा वर जाईल याची तयारी ठेवा. बंदरात गाडी जितके दिवस पडून राहील तितकं भाडं वाढत जातं, म्हणून होमोलोगेशनची कागदपत्रं जहाज निघण्याआधी हातात हवीत.

कर्जाचं आधी विचारा. एकट्याने आणलेल्या गाडीवर कर्ज द्यायला बँका सहसा कां-कूं करतात, आणि इथे शुल्काची सगळी रक्कम एकदम रोख लागते.

इथे आल्यावर चालवायला काही अडचण?

भुसावळचा मे महिना. थंड देशासाठी बनवलेली गाडी पंचेचाळीसच्या उन्हात सावलीशिवाय उभी राहिली की तिचा एसी, बॅटरी आणि रबरी भाग यांची परीक्षा होते. इथे विकणाऱ्या कंपन्या या हवेसाठी रेडिएटर आणि एसी बदलून देतात. तुमच्या एकट्याच्या गाडीत तो बदल नसतो.

इंधन ही दुसरी गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडीच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असेल, तर पुढे इंधन प्रणालीतल्या बिघाडाचं भांडण तुमचं तुम्हालाच निस्तरावं लागेल. इलेक्ट्रिक असेल तर चार्जरचं तोंड जुळतं का ते पाहा. आपल्याकडे सीसीएस-२ चालतं, जपानमध्ये वेगळं, चीनमध्ये आणखी वेगळं.

जपानी गाडीचा रेडिओ ७६ ते ९५ मेगाहर्ट्झचा असतो. आपल्याकडे एफएम ८८ ते १०८. वरची निम्म्याहून अधिक केंद्रं लागतच नाहीत. स्क्रीन जपानी भाषेत, नकाशा टोकियोचा. ही तक्रार छोटी वाटते, पण रोज सकाळी समोर असते.

आणि पुढची काच फुटली तर? साक्री रोडवर खडी उडून काच जाणं काही अपूर्वाईचं नाही. इथे न विकल्या जाणाऱ्या मॉडेलची काचही परदेशातूनच येणार, पुन्हा शुल्क भरून.

मग आपल्या भागात लोक करतात तसं गुजरातचं पासिंग करून घेऊ का? तिकडे टॅक्स कमी आहे.

आयातीपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा. नवापूर ओलांडलं की गुजरात, आणि सुरतला उधना-लिंबायतमध्ये प्रत्येकाचा एक तरी भाऊबंद असतोच. गुजरातमध्ये खासगी गाडीला साधारण ६ टक्के, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ आणि १३ टक्के, डिझेलला १३, १४, १५. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीत सत्तर-बहात्तर हजारांचा फरक दिसतो. मोह होणारच.

पण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मग एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि गुजरातमधून परतावा मिळवण्याची खटपट. तुम्ही राहता चोपड्याला, गाडीला जीजे-०५, आणि ती रोज यावल-रावेर करते, तर तपासणीत प्रश्न विचारला जाणारच.

याहून मोठा धोका नात्यातला. मामेभावाच्या पत्त्यावर, त्याच्याच नावावर गाडी घेतली की कायद्याने मालक तो. अपघात झाला तर विम्याचा दावा त्याच्या नावे, कोर्टाची नोटीस त्याच्या दारी. उद्या त्याच्या कर्जाची वसुली आली तर गाडी त्याच्याच मालमत्तेत धरली जाईल. सत्तर हजारांसाठी दोन घरांत अबोला झालेला आमच्या माहितीत आहे. खरोखर सुरतला राहत असाल, तिथे काम असेल, तर बिनधास्त तिथलं पासिंग करा. त्यात काहीच गैर नाही.

बीएच नंबर?

बीएच म्हणजे भारत मालिकेचा, राज्य बदललं तरी चालणारा नंबर. तो सप्टेंबर २०२१ पासून मिळतो, पण केंद्र-राज्य सरकारी, सैन्यातले आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी यांना, किंवा ज्या खासगी कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं आहेत तिच्या कर्मचाऱ्यांना. भुसावळच्या रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या मंडळींनी जरूर विचार करावा. पंधरा वर्षांऐवजी दोन-दोन वर्षांचा कर भरायचा असतो, त्यामुळे सुरुवातीला हात हलका राहतो. शेतकरी आणि दुकानदाराला तो मिळत नाही.

कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर फायदा होतो ना?

सीएला विचारा. पण तीन गोष्टी आधीच ऐकून जा. कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के, आयात गाडीइतकाच. माणसं नेणाऱ्या गाडीवरचा जीएसटी परतावा म्हणून सहसा मिळत नाही. घसारा मात्र मिळतो, १५ टक्क्यांनी, गाडी धंद्यासाठी वापरली तर. सराफ बाजारातल्या आणि दाणाबाजारातल्या मंडळींना यातलं शेवटचं वाक्यच कुणीतरी सांगितलेलं असतं.

मग पैसे खरंच कुठे वाचतात?

२२ सप्टेंबर २०२५ च्या बदलात. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा कर पूर्वी उपकर धरून २९ ते ३१ टक्के होता, तो १८ झाला. मोठ्या एसयूव्हीचा ५० पर्यंत जायचा, तो ४० झाला. चार मीटरच्या आतलं मॉडेल आणि त्याहून दोन बोटं लांब मॉडेल यांच्या करातच बावीस टक्क्यांचं अंतर पडतं. घरात माणसं पाच असतील आणि गाडी मुख्यतः शेत, बाजार आणि शिर्डी-सप्तशृंगी एवढीच जाणार असेल, तर टेप घेऊन लांबी बघा.

इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ. जळगावात राहून रोज भुसावळ ये-जा करणाऱ्याला घरी चार्जर बसवता येत असेल तर याहून मोठी बचत सध्या दुसरीकडे दिसत नाही. नाशिक-पुण्याच्या मोठ्या फेऱ्या सतत असतील तर वाटेतले चार्जर आधी पाहून घ्या.

परदेशी कंपनीचीच गाडी हवी असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली, इथे जोडलेली, पुण्या-मुंबईत एका मालकाकडे राहिलेली पाहा. पहिल्या मालकाने कर आणि मोठी घट दोन्ही सोसलेली असते. सर्व्हिस नोंदी कंपनीकडून काढून घ्या आणि एमएच-१९ ला आणायची तर एनओसीचा खर्च किमतीतूनच वळता करून मागा.

वर्ष बदलताना जुन्या सालाची गाडी सवलतीत मिळते, ती घ्यायला हरकत नाही. फक्त विकताना सालच विचारलं जातं हे लक्षात ठेवा.

मोटरसायकलचं काय? मुलाला परदेशी बाइक हवी आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात बाइकवरचं शुल्क थोडं उतरलं. १६०० सीसीपर्यंतच्या बाइकला ४० टक्के, त्याहून मोठीला ३०. पण ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के. आधी हेल्मेट घेऊन द्या.

भारतात बनलेली गाडी परदेशात विकली जाते. ती तिकडून परत आणली तर शुल्क माफ होईल का?

हा प्रश्न ऐकून हसू आलं होतं, पण विचारणारा हुशार होता. मारुतीची फ्राँक्स गुजरातेतल्या हंसलपूरहून पिपावाव बंदरातून ऑगस्ट २०२४ पासून जपानला जाते, हे त्याला ठाऊक होतं. पण आयात धोरणातल्या 'नव्या' गाडीच्या व्याख्येतच ती भारतात बनलेली नसावी असं लिहिलं आहे. आणि तीच गाडी जळगावच्या शोरूममध्ये उभी असताना जपानला जाऊन यायचं कशाला?

भेटायला येताना काय आणू?

तिकडच्या विक्रेत्याचं लेखी कोटेशन, मॉडेलचं पूर्ण नाव, बनल्याचा देश आणि वर्ष, इंजिनाची सीसी, चॅसी नंबर मिळाला असेल तर तो. फक्त फोटो आणि 'भाव एवढा' असा मेसेज आणलात तर हिशेब करता येत नाही. आणि कोटेशनच्या आधी टोकन रक्कम पाठवू नका.